नाथांवर थुंकणाऱ्या माणसाची गोष्ट

मागच्या महिन्यात सहावीच्या वर्गात मी संत एकनाथांची गोष्ट सांगत होते. वर्ग उर्दू माध्यमाचा, आणि मी त्यांना मराठी शिकवते. गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल. पैठणला नाथ रोज गोदावरीवर स्नान करून घरी परतत. वाटेतल्या एका माडीवर एक यवन बसलेला असे. नाथ खालून जाऊ लागले की तो त्यांच्या अंगावर थुंके. नाथ काही न बोलता मागे फिरत, पुन्हा स्नान करत, पुन्हा त्याच वाटेने येत. एके दिवशी तो १०८ वेळा थुंकला आणि नाथांनी १०८ वेळा स्नान केले. शेवटी तोच थकला आणि पायाशी आला. नाथ त्याला म्हणाले, तुझ्यामुळे आज मला इतक्या वेळा गोदास्नान घडले.

गोष्ट संपली. मी फळ्यावर ‘शांती’ हा शब्द लिहिला आणि त्याला उर्दूत काय म्हणतात ते विचारले. कुणी ‘अमन’ म्हणाले, कुणी ‘सब्र’. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

“टीचर, पर उसको हुआ क्या था? वो इतना गुस्सा कायको था?”

वीस वर्षांत ही गोष्ट मी किती वर्गांत सांगितली याची गणती नाही. बी.एड.च्या सराव पाठातही मी हीच सांगितली होती. पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मी स्वतःलाही विचारला नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हते. “पुढच्या तासाला बघू,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या पुढच्या तासाची तयारी आहे.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना मला बरे वाटत नाही.

माझे माहेर बारामतीचे आणि सासर इंदापूरचे. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे मी इंदापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत होते. चाळीसेक मुलांच्या वर्गात एकच मुसलमान मुलगा होता. तिथेही मी नाथांची हीच गोष्ट सांगितली. ‘यवन’ शब्द आला तसे पुढच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “बाई, यवन म्हणजे कोण?” मी म्हणाले, “मुसलमान.” वर्गात थोडी कुजबुज झाली. दोनचार माना मागे वळल्या. माझ्या पोटात काहीतरी हलले, पण मी चेहऱ्यावर काही येऊ दिले नाही. आवाजही तसाच सपाट ठेवला आणि पाठ पुढे नेला. तास संपल्यावर मला स्वतःचे कौतुक वाटले, की किती सहज निभावून नेले!

आठवडाभराने त्या मुलाची आई बाजारात भेटली. म्हणाली, “मॅडम, पोरगं डबा एकटंच खातंय म्हणे. तुम्ही वर्गात होता ना त्या दिवशी?” मी विचारले, तो काही बोलला का? ती जरा थांबली. मग म्हणाली, “बोलला की. बाईंना काहीच वाटलं नाही, असं म्हणाला.”

मला वाटले नव्हते असे नाही. उलट फार वाटले होते. पण तो सगळा तास मी माझा चेहरा सांभाळण्यात घालवला होता. त्या चाळीस मिनिटांत त्या पोराच्या चेहऱ्यावर काय झाले, हे मी पाहिलेच नाही. तो माझ्यापासून पंधरा फुटांवर बसला होता.

तेव्हापासून एक शंका मनात आहे. स्वतःच्या भावनांवर ताबा ठेवला की माणूस दुसऱ्याला जास्त चांगले समजतो, असे आपण मानतो. सगळे संत आणि सुफी तेच सांगतात असे आपल्याला वाटते. मग मी तर पूर्ण ताबा ठेवला होता, तरी मी आंधळी कशी झाले?

आता नाथांकडे परत येऊ.

एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. पैठण तेव्हा निजामशाहीच्या मुलखात होते. नाथांची जी सविस्तर चरित्रे आपण वाचतो, ती बरीच नंतरची, अठराव्या शतकातली आहेत. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ आणि १७७४ मध्ये ‘भक्तलीलामृत’ पूर्ण केले. म्हणजे नाथांच्या पश्चात पावणेदोनशे वर्षांनी. मधल्या काळात गोष्टी तोंडातोंडी फिरल्या, कीर्तनांत रंगल्या. यातली अक्षरन् अक्षर घडलेली घटना कोणती आणि लोकांनी प्रेमाने जोडलेली कोणती, हे वेगळे करणे अवघड आहे. पण लोकांनी एखादी गोष्ट कशी सांगितली, हाही इतिहासच असतो.

‘यवन’ या शब्दाचेच बघा. मुळात तो ग्रीकांसाठी होता, आयोनियावरून आलेला. पुढे बाहेरून येणाऱ्या इतरांनाही तो लागू झाला आणि मध्ययुगीन मराठीत तो मुसलमानांसाठी रुळला. मी वर्गात “मुसलमान” असे एका शब्दात उत्तर दिले, तेव्हा हा सगळा प्रवास मी गिळून टाकला होता.

नाथांच्या शांतीची दुसरी एक गोष्टही तितकीच प्रसिद्ध आहे. एका गरीब ब्राह्मणाला घरच्या कार्यासाठी पैसे हवे होते. काही टवाळखोरांनी त्याला सांगितले, एकनाथांना राग आणून दाखव, आम्ही तुला पैसे देतो. तो नाथांच्या घरी गेला. थेट देवघरात घुसला, नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ म्हणाले, इतक्या प्रेमाने भेटायला कुणी आले नव्हते. मग जेवणाच्या वेळी गिरिजाबाई वाकून वाढू लागल्या तसा तो त्यांच्या पाठीवरच चढला. नाथ म्हणाले, अहो, सांभाळा, ते पडतील. गिरिजाबाई म्हणाल्या, पोराला पाठीवर घेऊन काम करायची मला सवय आहे, पडू देणार नाही. शेवटी त्या माणसाला रडू आले आणि त्याने खरे कारण सांगितले. तेव्हा नाथ म्हणाले, आधी सांगितले असते तर मी रागावलो असतो, तुमचे पैसे तरी मिळाले असते.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. दोन्हींत एक माणूस नाथांचा अपमान करतो आणि दोन्हींत नाथ रागावत नाहीत. पण दुसऱ्या गोष्टीत अपमान करणाऱ्याला घर आहे, अडचण आहे, लाज आहे, शेवटी डोळ्यांत पाणी आहे. पहिल्या गोष्टीत, निदान मी लहानपणापासून ऐकली आणि पुढे सांगत आले त्या रूपात, थुंकणाऱ्याला काहीच नाही. नाव नाही, घर नाही, कारण नाही. तो फक्त ‘यवन’ आहे, आणि तेवढे सांगितले की थुंकण्याचे कारण सांगायची गरज उरत नाही, असे सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने गृहीत धरले आहे. माझ्या विद्यार्थिनीने नेमके तिथेच बोट ठेवले.

यात मला नाथांचा दोष दिसत नाही. महिपतींवरही मला राग काढायचा नाही. त्याच महिपतींनी कबीर आणि शेख महंमद यांच्या कथा आदराने सांगितल्या आहेत. मला एवढेच म्हणायचे आहे की ‘शांत राहणे’ आणि ‘समोरच्याला ओळखणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली की दुसरी आपोआप येते, असे नाही. ब्राह्मणाच्या गोष्टीत दोन्ही आहेत. यवनाच्या गोष्टीत आपण पहिलीवरच थांबलो.

गंमत म्हणजे आपल्याकडेही थुंकण्याची एक गोष्ट आहे. मौलाना रूमींनी (१२०७–१२७३) ‘मसनवी’च्या पहिल्या दफ्तराच्या अखेरीस ती सांगितली आहे. लढाईत हजरत अलींनी एका वीराला खाली पाडले, तलवार उगारली, आणि तो त्यांच्या तोंडावर थुंकला. अलींनी तलवार बाजूला टाकली. तो माणूस थक्क झाला आणि विचारू लागला, हे काय? त्यावर अली सांगतात, मी अल्लाहसाठी लढत होतो. तू थुंकलास आणि माझा नफ्स जागा झाला. आता मारले असते तर त्यात माझा राग मिसळला असता. इतिहासकार म्हणून नव्हे, शायर म्हणून रूमी हे सांगतात, हे ध्यानात ठेवू. पण मला त्यातली एक बारीक जागा महत्त्वाची वाटते. अली आपला राग लपवत नाहीत. ते शत्रूला सांगून टाकतात की हो, मला राग आला. तलवार खाली ठेवल्यावर दोघांत बोलणे सुरू होते, आणि रूमींनी ते बोलणे चांगले लांबवले आहे.

कुरआनात आले इमरान या सूरेत भल्या माणसांची लक्षणे सांगताना राग आवरणाऱ्यांचा उल्लेख येतो. तिथे जो अरबी शब्द आहे, त्याच्या मुळाशी भरलेल्या पखालीचे तोंड बांधण्याची कल्पना आहे, असे भाष्यकार सांगतात. मुलांना पखाल म्हणजे काय ते आता समजावून सांगावे लागते. माझ्या लहानपणी लग्नकार्यात भिश्ती दिसत. पण ती आयत तिथे संपत नाही. राग आवरणाऱ्यांनंतर लोकांना माफ करणाऱ्यांचा उल्लेख येतो आणि मग अल्लाहला भले करणारे आवडतात, असे येते. म्हणजे पखालीचे तोंड बांधणे ही पहिली पायरी झाली. आम्ही मात्र तिथेच मुक्काम ठोकला. ‘जब्त’ हा आमचा आवडता शब्द. उर्दू शायरीत त्याला फार मान आहे. अश्रू डोळ्यांत अडवून धरणारा आशिक आम्हाला मोठा वाटतो.

मानसशास्त्रज्ञांनी या दोन पायऱ्यांचा वेगवेगळा अभ्यास केला आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेम्स ग्रॉस हे त्यातले मोठे नाव. भावना आवरण्याचे दोन मार्ग ते वेगळे करतात. एक, भावना आली की ती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही. दोन, समोर जे घडते आहे त्याकडे बघण्याची नजरच बदलायची, म्हणजे भावनेचा जोर मुळातच कमी होतो. २००० साली ग्रॉस आणि त्यांच्या सहकारी जेन रिचर्ड्स यांनी दाखवले की चेहरा दाबून ठेवणाऱ्यांना समोर काय घडले ते नंतर नीट आठवत नाही, नजर बदलणाऱ्यांना ही अडचण येत नाही. हे वाचले तेव्हा मला तो चाळीस मिनिटांचा तास आठवला. स्वतःवर पहारा ठेवायला डोके खर्ची पडते, मग समोरचे टिपायला काय उरणार?

२००३ मध्ये एमिली बटलर, ग्रॉस आणि इतरांनी आणखी एक प्रयोग केला. एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांच्या जोड्या करून त्यांना एक अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली आणि तिच्याविषयी आपसात बोलायला सांगितले. काही जोड्यांत एकीला गुपचूप सूचना होती की भावना दाखवायच्या नाहीत. परिणाम असा झाला की तिच्यासमोर बसलेल्या बाईचा रक्तदाब वाढला आणि तिला ही ओळख पुढे वाढवावीशी वाटेना. दाबलेला चेहरा समोरच्यालाही घाबरवतो.

आणि २०११ मध्ये डेव्हिड नील आणि तान्या चार्ट्रंड यांनी बोटॉक्सची इंजेक्शने घेतलेल्या बायकांची तपासणी केली. सुरकुत्या जाव्यात म्हणून ही इंजेक्शने घेतात. त्याने चेहऱ्याचे स्नायू सैल पडतात. फोटोतले डोळे बघून समोरच्याची भावना ओळखण्यात या बायका मागे पडल्या. लेखकांचे म्हणणे असे की दुसऱ्याचा चेहरा बघताना आपला चेहराही नकळत थोडासा तसाच हलतो आणि त्यातून आपल्याला त्याचे मन कळते. या म्हणण्याला किती जोर द्यायचा यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. चेहऱ्याच्या हालचालीने भावना बदलते असे सांगणारा एक जुना, गाजलेला प्रयोग २०१६ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. त्यामुळे ही बाब शेवटचा शब्द म्हणून मी सांगत नाही. पण रोजच्या व्यवहारात तान्ह्या बाळाला भरवताना आईचे तोंड आपोआप उघडते, हे आपण बघतोच.

आता यातले जे मला बोचते, ते लिहिते.

मी बारा वर्षांची होते तेव्हा डिसेंबर १९९२ आला. बारामतीत आमच्या गल्लीत शांतता होती, पण टीव्हीवर आणि मोठ्यांच्या बोलण्यात मुंबई होती. शाळेत जायच्या आधी अम्मीने वेणी घालता घालता सांगितले, “कोई कुछ बोले तो चेहरे पे कुछ दिखना नहीं.” अम्मीचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. आईने आपल्या लेकीला वाचवण्यासाठी जे हाताशी होते ते दिले. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुसलमान घरांत ही शिकवण दिली गेली आहे, हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना आठवेल. एसटीत, ऑफिसात, भाड्याचे घर बघायला गेल्यावर आपण चेहरा सपाट ठेवतो. कधीकधी ते गरजेचेच असते. जमावासमोर कुणी भावना मोकळ्या करत बसत नाही.

पण त्याची किंमत काय, याचा हिशेब आम्ही मांडत नाही. काही वर्षांपूर्वी मोबाइलवरच्या एका मेसेजवरून वातावरण तापले होते. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी बाई दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी मनाशी ठरवून टाकले, यांच्याही मनात तेच आहे. मीही तोंड मिटून वह्या तपासत राहिले. दोनेक महिने आमचे बोलणे हो-नाही एवढ्यावर आले. मग एकदा गॅदरिंगच्या तयारीत दोघीच होतो, तेव्हा त्या अचानक म्हणाल्या, “मॅडम, तो मेसेज आमच्या पोराने पण पुढे पाठवला होता हो. मला तुमच्याकडं बघायची लाज वाटत होती. आणि तुमचा चेहरा असा होता की बोलायचं धाडसच झालं नाही.”

त्यांची लाज मला राग वाटली होती. माझी भीती त्यांना थंडपणा वाटला होता. शाळेतल्या त्या मुलाला माझे दुःख बेफिकिरी वाटली होती. तीन माणसे, तिघांचे वाचन चुकलेले, आणि तिन्ही ठिकाणी मी चेहऱ्याला कुलूप लावून बसले होते.

मग यातून वाट कोणती? मला ती पुन्हा नाथांजवळच सापडली, पण गोष्टीतल्या नव्हे, त्यांनी स्वतः लिहिलेल्या ओळींतल्या नाथांजवळ.

नाथांच्या भारुडांत ‘हिंदू-तुर्क संवाद’ आहे. त्यात एक हिंदू आणि एक तुर्क, म्हणजे मुसलमान, समोरासमोर उभे राहून कडाकडा भांडतात. तुर्क पुराणांतल्या देवांच्या कथांची टर उडवतो, शिवाशिवीची खिल्ली उडवतो. हिंदू उलट विचारतो, देव सगळीकडे आहे तर तुम्ही पश्चिमेकडेच का बघता? प्राणी मारण्यावरून तो टोमणे मारतो. कुणी कुणाला सोडत नाही. आणि शेवटी दोघांना उमगते की ज्याच्यासाठी भांडतो तो एकच आहे. मग ते एकमेकांना मानाने आलिंगन देतात.

उर्दूची शिक्षिका म्हणून यातली भाषा मला थांबवते. त्यातला तुर्क मराठीमिश्रित दखनी बोलतो. माझ्या आजीच्या बोलण्याच्या जवळची ती बोली. ही बोली कागदावर आणायला नाथांनी ती कान देऊन ऐकलेली असणार. आणि फक्त बोली नाही, आक्षेपही. आपल्याच देवांची टिंगल, आपल्याच आचारांवरचे टोमणे एका ब्राह्मण घरातल्या माणसाने इतक्या नेमकेपणाने लिहिले आहेत. ज्याच्या डोक्यात रागाचा धूर भरला आहे त्याला हे ऐकू येणार नाही. आणि जो ऐकतानाच चेहरा दगडाचा करून ‘मला काही झालेच नाही’ म्हणतो, त्यालाही ऐकू येणार नाही. नाथांनी दोघांनाही पोटभर बोलू दिले. राग दाबला नाही, त्याला जागा दिली, आणि त्याच्यामागे काय आहे ते बघितले. माझ्या मते नाथांच्या शांतीचा सर्वांत खात्रीचा पुरावा १०८ स्नानांपेक्षा या संवादात आहे, कारण तो त्यांच्याच लेखणीतून आला आहे.

हे त्यांना कुठून जमले असेल? नाथांचे गुरू जनार्दनस्वामी, देवगिरीचे म्हणजे दौलताबादचे किल्लेदार. आणि परंपरा सांगते की जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, ज्यांना कादरी सिलसिल्यातले सुफी मानले जाते. म्हणजे नाथांच्या गुरूचे गुरू. ज्या नाथांच्या अंगावर एक मुसलमान थुंकला असे आपण मुलांना सांगतो, त्या नाथांच्या गुरुपरंपरेत एक सुफी फकीर बसलेला आहे, हे मात्र आपण सांगत नाही. मीही कधी सांगितले नव्हते.

याच चांद बोधल्यांचे दुसरे शिष्य म्हणजे शेख महंमद. त्यांचे गाव श्रीगोंदा, म्हणजे तेव्हाचे चांभारगोंदे, आमच्याकडून दौंडमार्गे फार लांब नाही. १६४५ मध्ये त्यांनी ‘योगसंग्राम’ हा मराठी ग्रंथ पूर्ण केला. नावातच संग्राम आहे, आणि ती लढाई बाहेरच्या शत्रूशी नाही, काम-क्रोधाशी आहे. स्वतःला मुसलमान म्हणवून त्यांनी हे अस्सल मराठीत लिहिले आणि खोट्या फकिरांना आणि खोट्या गुरूंना सारखेच झोडपले. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांचे साहित्य संपादित केले, रा. चिं. ढेरे आणि यू. म. पठाण यांनी मुसलमान मराठी संतांवर लिहिले, म्हणून हे सगळे आज आपल्या हाती आहे.

या शेख महंमदांना मालोजीराजे भोसले गुरू मानत, त्यांनीच त्यांना श्रीगोंद्यात मठ बांधून दिला, असे परंपरा सांगते. आणि मालोजीराजांचा शेवट आमच्या इंदापुरात झाला. सतराव्या शतकाच्या आरंभी इथल्या लढाईत ते पडले. इंदापुरात त्यांची गढी आहे आणि चांदशावली बाबांचा दर्गाही आहे. मालोजीराजांनी आपल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. नगरच्या शाह शरीफ बाबांच्या दर्ग्याला नवस केला होता, म्हणून ही नावे, अशी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी आठवण आहे. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत कामी आले. शहाजीराजांच्या पोटी शिवाजी महाराज जन्मले.

मी सासरी जाताना एसटी स्टँडवर उतरते, तेव्हा हा इतिहास चालत जाण्याच्या अंतरावर असतो. तरी ज्या शाळेत तो एकटा मुलगा माझ्यासमोर बसला होता, तिथे मी त्याला एवढेच सांगितले, की यवन म्हणजे मुसलमान. त्याला शेख महंमद देता आले असते, चांद बोधले देता आले असते. बाकीच्या एकोणचाळीस मुलांनाही ते देता आले असते. मला सुचले नाही, कारण मी चेहरा सांभाळत होते.

परवा सहावीचा तो तास घेतला. त्या मुलीला मी सांगितले, “तुझा प्रश्न बरोबर होता. त्याला काय झाले होते, हे गोष्टीत नाही. तुम्हीच सांगा.” मुलांनी कारणे लिहून आणली. एकाने लिहिले, त्याचे घर पुरात वाहून गेले होते. एकीने लिहिले, त्याला कुणी सलाम करत नव्हते आणि नाथांना सगळे करत होते. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीने लिहिले, तो रोज वाट बघत असेल की आज तरी हे मला विचारतील, तुला काय झाले.

तिचे वाचताना माझे डोळे भरून आले. नेहमीच्या सवयीने मी फळ्याकडे वळणार होते. वळले नाही. पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारले, “टीचर, रो रहे क्या?”

मी म्हणाले, “हो.” आणि मग त्यांना चांद बोधल्यांची गोष्ट सांगितली.

तो इंदापूर तालुक्यातला मुलगा आता पंचविशीचा असेल. कुठे आहे, मला माहीत नाही. पण हा ब्लॉग आमच्या भागात वाचला जातो, म्हणून लिहिते. बाळा, त्या दिवशी बाईंना वाटले होते. तुला दिसू दिले नाही, ही चूक माझी.